त्या काळचा माणूस

शुक्रवारचं रिलीज रात्री अडीचला संपलं. शनिवारी दुपारी उठलो, चहा घेतला, आणि आठवडाभर डोक्यात फिरत असलेलं एकदाचं लिहून टाकावं म्हणून बसलो. विषय जरा आडवळणाचा आहे मंडळी, पण शेवटी घरी येतो. तेवढा धीर धरा.

झालं असं, की आमच्या टीममध्ये एक नागा मित्र आहे. टेस्टिंगमध्ये आहे, आणि माझ्या कोडमधल्या चुका काढण्यात त्याला पाशवी आनंद मिळतो. मागच्या महिन्यात असंच बिल्डची वाट बघत बसलो असताना त्याच्या टेबलावर एक जाडजूड पुस्तक दिसलं. चार्ल्स स्पर्जनची प्रवचनं. "वाच," म्हणाला. "तुला भाषा आवडते ना? धर्म बाजूला ठेव आणि भाषा वाच."

वाचली. आणि खरं सांगतो, पहिल्या दोन आठवड्यांत मी या माणसाच्या प्रेमात पडलो.

स्पर्जन १८३४ साली इंग्लंडातल्या एसेक्समध्ये जन्मला. आजोबा प्रवचनकार, बाप प्रवचनकार. लहानपणची काही वर्षं आजोबांकडे गेली आणि तिथे त्याला जुन्या प्युरिटन ग्रंथांची खोली सापडली. १८५० च्या जानेवारीत, पंधरा वर्षांचा असताना, हिमवादळामुळे नेहमीच्या चर्चला जाता आलं नाही म्हणून तो कोलचेस्टरच्या एका लहानशा प्रार्थनामंदिरात शिरला. तिथला नेमलेला पाळक वादळामुळे आलाच नव्हता. कोणीतरी साधा, फारसं न शिकलेला माणूस उभा राहून अडखळत बोलत होता. त्या बोलण्याने हा पोरगा बदलला. पुढे आयुष्यभर तो हे सांगत राहिला. सतराव्या वर्षी वॉटरबीच नावाच्या खेड्यात पाळक, एकोणिसाव्या वर्षी लंडनच्या न्यू पार्क स्ट्रीट चॅपलमध्ये. धर्मशास्त्राची डिग्री नाही, कॉलेजची पायरी चढलेला नाही. आमच्याकडे कॅम्पसमध्ये पहिल्याच राउंडला बाहेर गेला असता.

आणि लोक? लोक रस्ते अडवून उभे राहायचे. साधी, चुरचुरीत, बाजारातली इंग्रजी. मध्येच विनोद. सभ्य वर्तमानपत्रांना तो गावंढळ वाटायचा, त्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. १८५५ पासून त्याचं प्रवचन दर आठवड्याला छापून एक पेनीला विकलं जायला लागलं. ते १९१७ पर्यंत, म्हणजे तो मेल्यावरही पंचवीस वर्षं, चालू राहिलं. थांबलं ते महायुद्धातल्या कागदटंचाईमुळे. दर आठवड्याला एक रिलीज, बासष्ट वर्षं. आपण कुठल्या तोंडाने डेडलाइनची तक्रार करतो!

आता तो कॅल्विनवादी होता म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढे लागणार आहे. कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय, आणि ते माणसाची लायकी बघून नव्हे. आपल्या कर्मसिद्धांताशी याची गल्लत करू नका. तिथे निदान मागच्या जन्मीचा हिशोब असतो, इथे हिशोबच नाही, निव्वळ कृपा. दुसरं, माणूस मुळापासून बिघडलेला आहे. त्याची बुद्धी, इच्छा, विवेक, सगळ्यात पाप मुरलेलं. आणि यातून कोणी सुटत नाही, प्रवचनकारही नाही. मला हे तत्त्वज्ञान पटत नाही. पण यात एक कडक प्रामाणिकपणा आहे हे मान्य करायला हवं.

१९ ऑक्टोबर १८५६. चॅपल अपुरं पडतं म्हणून सरे गार्डन्स म्युझिक हॉल भाड्याने घेतलेला. आत हजारो माणसं, बाहेर आणखी हजारो. प्रार्थना चालू असताना कोणीतरी ओरडलं, "आग!" आग नव्हती. चेंगराचेंगरीत सात माणसं मेली, अठ्ठावीस गंभीर जखमी झाली. स्पर्जन बावीस वर्षांचा होता, घरी जुळी मुलं जेमतेम महिन्याची. तो कोसळला. दोन आठवड्यांनी परत उभा राहिला, पण ती संध्याकाळ त्याच्या अंगातून गेली नाही. नैराश्याबद्दल तो पुढे व्यासपीठावरून उघड बोलला, लिहिलं. व्हिक्टोरियन इंग्लंडात, एका धर्मगुरूने. इथे माझा आदर दुप्पट झाला.

आणि मग मी ७ ऑक्टोबर १८५७ चं प्रवचन उघडलं.

तारीख बघून तुमच्या लक्षात आलंच असेल. हिंदुस्थानातल्या उठावामुळे ब्रिटनमध्ये त्या दिवशी राष्ट्रीय उपवास आणि प्रार्थनेचा दिवस पाळला गेला. स्पर्जनला बोलावलं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये. आवाज नीट पोचतो का ते बघायला तो आधी तिथे गेला आणि बायबलातलं एक वचन मोठ्याने म्हणाला. वर कुठेतरी काम करणाऱ्या एका मजुराने ते ऐकलं आणि त्याचं आयुष्य पालटलं, अशी आठवण त्याने स्वतः सांगितली आहे. उपवासाच्या दिवशी माणसं आली २३,६५४. मायक्रोफोन नाही, लाउडस्पीकर नाही. तेविशीतला एक पोरगा आणि त्याचा गळा.

काय बोलला? अन्याय नको म्हणून आधी त्याच्या बाजूचं सांगतो. हे संकट म्हणजे देवाची छडी आहे आणि ती इंग्लंडच्या पापांवर उगारलेली आहे, असं त्याचं सूत्र होतं. पापांची यादी त्याने वाचली. तीत नोकरांना पिळणारे मालक होते, व्यापारातली लबाडी होती, आणि कंपनी सरकारही होतं. छळलेली रयत आणि गादीवरून उतरवलेले राजे यांचाही उल्लेख त्याने केला. तेवीस हजार इंग्रजांसमोर, त्या संतापाच्या दिवसांत, हे बोलायला छाती लागते.

पण पुढे? हे एका राष्ट्राचं बंड नव्हे, शपथ मोडलेल्या शिपायांचं बंड आहे, म्हणून ते शत्रू नव्हेत, गुन्हेगार आहेत, त्यांना देहदंडच हवा. एरवी फाशीच्या शिक्षेबद्दल साशंक असलेला हा माणूस इथे मात्र साशंक नव्हता. आणि सरकारची मोठी चूक कोणती? हिंदूंचा धर्म चालू दिला ही. तो सहन करायलाच नको होता, म्हणे.

मी पुस्तक मिटलं. सोमवारी कँटीनमध्ये मित्राला विचारलं. तो जरा ओशाळला. मग म्हणाला, "अरे, तो त्या काळचा माणूस होता. आजच्या मापाने कसा मोजणार?" शेजारी बसलेला दुसरा एक सहकारी डब्यातून मान वर न करता म्हणाला, "मिशनरी तो मिशनरीच. वाचतोस कशाला असलं?"

माझं आजचं भांडण या दोघांशी आहे. मोठं भांडण पहिल्याशी, कारण दुसरं वाक्य उद्धट आहे एवढंच. पहिलं वाक्य सभ्य आहे, म्हणून जास्त घातक.

"त्या काळचा माणूस होता" हे वाक्य म्हणजे रिकामा कॅच ब्लॉक आहे. एरर आली, गिळून टाकली, प्रोग्रॅम पुढे चालू. लॉगमध्ये काही नाही, दुरुस्तीही नाही. आणि ते खोटंही आहे. कसं ते बघा.

तो काळ, तेच शहर, तीच वर्तमानपत्रं. २७ जुलै १८५७ ला ब्रिटिश संसदेत डिझरायलीने उभं राहून विचारलं, की हे नुसतं लष्करी बंड आहे की राष्ट्रीय उठाव? म्हणजे स्पर्जनने ज्या प्रश्नाचं उत्तर गृहीत धरलं, तो प्रश्न दोन महिने आधी भर सभागृहात विचारला गेला होता. सप्टेंबरात कार्ल मार्क्स लंडनमध्ये बसून एका अमेरिकन दैनिकासाठी लिहीत होता, की शिपायांचं क्रौर्य हे इंग्लंडच्याच हिंदुस्थानातल्या वागण्याचं प्रतिबिंब आहे. खुद्द गव्हर्नर जनरल कॅनिंगने त्याच जुलैत हुकूम काढला, की सरसकट सूड नको, दोषी आणि निर्दोष निवडा. त्याबद्दल त्याच्याच लोकांनी 'दयाळू कॅनिंग' म्हणून त्याची टवाळी केली. डिझरायली राजकारणी, मार्क्स नास्तिक, कॅनिंग तर राज्यकर्ताच. कोणी संत नव्हता. तिघेही 'त्या काळचेच' होते. काळ एकच होता, माणसं वेगवेगळी होती.

आणि सगळ्यात जोरदार साक्षीदार म्हणजे स्वतः स्पर्जन!

डिसेंबर १८५९ मध्ये जॉन अँड्र्यू जॅक्सन नावाचा माणूस त्याच्या चॅपलमध्ये बोलला. दक्षिण कॅरोलायनातून पळालेला गुलाम. लोकांनी त्याच्या तोंडून ती कहाणी ऐकली. १८६० मध्ये लक्षात आलं, की अमेरिकेत छापल्या जाणाऱ्या स्पर्जनच्या प्रवचनांतून गुलामगिरीविरुद्धचे उल्लेख गाळले जातायत. त्यावर या बाबाने अमेरिकन वर्तमानपत्राला सरळ कळवलं, की मी गुलामांच्या मालकाबरोबर प्रभुभोजनाला बसणार नाही. परिणाम? दक्षिणेत त्याच्या पुस्तकांच्या होळ्या झाल्या. विक्री कोसळली. त्याच पैशांवर त्याचं पाळकांना शिकवणारं कॉलेज चालत होतं. त्याने शब्द मागे घेतला नाही.

आता सांगा, तो 'त्या काळचा माणूस' होता की नव्हता? १८६० मध्ये नव्हता आणि १८५७ मध्ये होता, असं चालत नाही राव!

कोणी म्हणेल, गुलामगिरीविरुद्ध बोलणं लंडनमध्ये सोपं होतं. बरोबर आहे. ब्रिटिश साम्राज्यात तिच्याविरुद्धचा कायदा १८३३ मध्येच झाला होता. लंडनमध्ये त्याला कोणी दगड मारणार नव्हतं. पण खिशाला चाट बसली ती खरीच बसली. आणि या आक्षेपाने माझं म्हणणं उलट पक्कं होतं. फरक 'काळा'चा नव्हता. जॅक्सन त्याच्या व्यासपीठावर उभा होता, त्याला नाव होतं, आवाज होता. 'छळलेली रयत' हा एक शब्दप्रयोग होता. तिला नाव नाही, गाव नाही. तिचा कोणी माणूस न्यू पार्क स्ट्रीटच्या पायऱ्या चढून आला नाही. स्पर्जनचा आवाज क्रिस्टल पॅलेसच्या कोपऱ्यातल्या मजुरापर्यंत गेला, पण झाशीतून आवाज त्याच्यापर्यंत यायची सोयच नव्हती. प्रवचनानंतर सहा महिन्यांनी, एप्रिल १८५८ मध्ये, इंग्रज फौज झाशीत शिरली. तेव्हा तिथे काय कत्तल झाली हे वरसईच्या गोडसे भटजींनी डोळ्यांनी पाहिलं. ते दानदक्षिणा मिळवायला निघालेले गरीब भिक्षुक. त्यांचा 'माझा प्रवास' छापला गेला १९०७ मध्ये. तोवर स्पर्जनला जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

"मग त्याचा काय दोष, ऐकूच आलं नाही तर?" दोष आहे. आणि तो त्याच्याच कॅल्विनवादाने सिद्ध होतो. माणसाचा विवेक मुळापासून वाकडा आहे असं जो दर रविवारी सांगतो, त्याने आपल्याला ज्यांचा आवाज ऐकू येत नाही त्यांच्याबद्दल निकाल देताना सगळ्यात आधी कोणावर संशय घ्यायला हवा? स्वतःवर. सिद्धांत हातात होता, तो फक्त स्वतःवर चालवून बघितला नाही.

उलट दिशेलाही बघा. १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. इतक्या लांबचं पुण्यात बसून त्यांना ऐकू आलं. (आणि हो, फुल्यांना १८५७ च्या उठावाबद्दल प्रेम नव्हतं. त्यांची कारणं स्पर्जनपेक्षा पार वेगळी होती, आणि ज्यांना पेशवाईचे दिवस सोसावे लागले त्यांच्या बाजूने ती बघायला हवीत. तेव्हा "आमचं ते सगळं पवित्र" असं म्हणायलाही इथे जागा नाही.)

आता घरी येतो. म्हटलं होतं ना.

माझे पणजोबा कीर्तनकार होते. आमचं गाव कोकणात, महाडपासून एसटीने तासाभरावर. त्यांची पुण्यतिथी अजून होते. हॉलमध्ये फोटो आहे, हार असतो. त्यांच्या कीर्तनाला पंचक्रोशीतून माणसं यायची, लोक रडायचे, असं लहानपणापासून ऐकलंय. चोखामेळ्याचं आख्यान त्यांचं खास. दोन वर्षांपूर्वी आजीने सहज बोलता बोलता सांगितलं, की महारवाड्यातली माणसं देवळाच्या आवाराबाहेर, गडग्यापलीकडे बसून ऐकायची. पाऊस आला तरी तिथेच. आत चोखोबाचं आख्यान, बाहेर भिजणारी माणसं!

मी म्हटलं, "आजी, आणि त्यांना काही वाटलं नाही?" आजी गप्प. बाबा म्हणाले, "तेव्हाची रीतच होती ती. ते त्या काळचे होते रे." आणि मी, जो इथे दर शनिवारी जगाला शहाणपण शिकवतो, तो "हं" म्हणालो आणि जेवायला बसलो. पुण्यतिथीचा प्रसाद होता.

कँटीनमध्ये मित्राने तेच वाक्य म्हटलं तेव्हा मला एवढा राग का आला, ते दोन दिवसांनी कळलं. ते वाक्य आमच्या घरचं आहे.

आणि घरीही ते खोटंच आहे. १९२७ साली चवदार तळं कुठे होतं? महाडला! पणजोबांनी ऐकलं नसेल असं होऊच शकत नाही. १९३१ मध्ये रत्नागिरीत पतितपावन मंदिर उघडलं, सगळ्या जातींना. कोकणातच. तेही 'त्या काळात'च. पणजोबांना वेगळं वागायचा रस्ता दिसत होता. ते गेले नाहीत. गडग्यापलीकडची माणसं तर लंडनइतकी दूरही नव्हती. स्पर्जनपेक्षा आमचा गुन्हा जवळचा आहे.

मग करायचं काय? फोटो उतरवायचा? पुस्तकं फेकायची? नाही. दुसऱ्या सहकाऱ्याशी माझं भांडण इथे आहे. 'मिशनरी तो मिशनरीच' म्हटलं की आपल्याला काही शिकायची गरजच उरत नाही, तेही एक गिळणंच. आमच्या धंद्यात सर्व्हर झोपला की नंतर एक बैठक होते. तिचा नियम असा, की कोणाला फासावर द्यायचं नाही, पण कारण सापडेपर्यंत उठायचंही नाही. काय झालं, कधी झालं, कोणाला माहीत होतं, कोणाचं ऐकलं गेलं नाही, सगळं लिहायचं. माणसांच्या बाबतीत आपण एक तर फाशी देतो नाहीतर बैठकच रद्द करतो.

स्पर्जनचा शेवट सांगायचा राहिला. १८६१ मध्ये त्याने पाचेक हजार माणसं मावतील असं मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल बांधलं. अनाथाश्रम काढला. १८७८ मध्ये स्वतःच्या मासिकात देशाला चढलेल्या युद्धज्वरावर कोरडे ओढले, म्हणजे तेविशीतला माणूस जिथल्या तिथे राहिला नव्हता. १८८७ मध्ये आपला बाप्तिस्ट संघ शिकवणीत सैल पडतोय असं वाटलं म्हणून बाहेर पडला. पुढच्या जानेवारीत संघाने त्याच्याविरुद्ध ठराव केला. जुने मित्र, शिष्य दुरावले. संधिवात, मूत्रपिंडाचा विकार, नैराश्य, सगळं एकदम. ७ जून १८९१ ला टॅबरनॅकलमध्ये शेवटचं बोलला. हिवाळ्यासाठी फ्रान्समधल्या मेंतोनला नेलं. बायको सुझाना वर्षानुवर्षं आजारी, त्याच्याबरोबर तिथे कधी जाऊ शकली नव्हती, ती या खेपेला पहिल्यांदा गेली. ३१ जानेवारी १८९२ ला तो गेला. सत्तावन्न वर्षांचा होता. लंडनमध्ये साठेक हजार लोक शवपेटीसमोरून गेले.

त्या साठ हजारांना त्याच्याकडून खरंच काही मिळालं होतं. गडग्यापलीकडे भिजणाऱ्यांनाही पणजोबांच्या कीर्तनातून काही मिळत असेल, नाहीतर पावसात कोण बसेल? हे नाकारायचं कारण नाही. पण ते भिजत होते हे मात्र प्रत्येक पुण्यतिथीला सांगायला हवं.

यंदाची पुण्यतिथी पुढच्या महिन्यात आहे. पणजोबांबद्दल चार शब्द बोलायचं काम या वेळी माझ्याकडे आलंय, घरात मराठी लिहिणारा मी एकटाच म्हणून. गडग्याबद्दल बोलणार आहे असं बाबांना काल फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "आजीला आधी विचार."

विचारलं. आजी म्हणाली, "सांग. मी तेव्हा नवी सून होते. मीही काही बोलले नाही, तेही सांग."

असो. नागा मित्राला पुस्तक सोमवारी परत करायचंय. अर्धं राहिलंय, आणखी पंधरा दिवस मागून घेईन म्हणतो.